जलशाचे ध्वनिमुद्रण : समीक्षेचा एक राहून गेलेला प्रश्न

१

दलित साहित्याची समीक्षा आजवर प्रामुख्याने छापील शब्दाची समीक्षा राहिली आहे. याची कारणे समजण्यासारखी आहेत. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या अक्षर नाकारले गेले, त्याने अक्षर हाती येताच त्यालाच प्रमाण मानावे हे स्वाभाविक होते. कविता, कथा, आत्मकथन यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले, वादही झडले. परंतु चळवळीचा विचार वाडीवस्तीवर, निरक्षर माणसाच्या काळजापर्यंत नेला तो गायलेल्या शब्दाने. सत्यशोधक जलशापासून भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या आंबेडकरी जलशापर्यंत आणि तेथून वामनदादा कर्डकांच्या गाण्यापर्यंत ही परंपरा अखंड आहे. माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिला. माझ्या आधीच्या पिढीला बाबासाहेब कळले ते पुस्तकातून नव्हे, गाण्यातून. ही गोष्ट माझ्या एकट्याच्या घरची नाही; हे वाचणाऱ्या बहुतेकांच्या घरची आहे.

मग या गायलेल्या शब्दाची समीक्षा कोठे आहे? भीमराव कर्डकांनी १९७८ साली 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक लिहून पाया घातला. वामनदादांच्या गीतांचे संग्रह निघाले, त्यांवर प्रबंधही झाले. तरीही हा सारा विचार कागदावरच्या गीतासंबंधी आहे. गीत कागदावर येते तेव्हा त्याची चाल जाते, झीलकऱ्यांनी उचललेले पालुपद जाते, गायकाने मध्येच थांबून केलेला खुलासा जातो, आणि श्रोत्यांनी दिलेला प्रतिसादही जातो. उरतो तो सांगाडा. त्या सांगाड्याकडे पाहून प्रस्थापित समीक्षक 'प्रचारकी', 'बाळबोध' असा शेरा मारून मोकळे होतात.

गायलेला शब्द जसाच्या तसा टिकवण्याचे साधन एकच आहे, ते म्हणजे ध्वनिमुद्रण. आणि आपल्याकडची प्रत्यक्ष कार्यक्रमांची बहुतेक ध्वनिमुद्रणे हौशी माणसांनी केलेली आहेत. कोणी टेपरेकॉर्डर घेऊन मांडवात बसले, कोणी आज मोबाईल उंचावून उभे राहतात. या मुद्रणांचा दर्जा कसा आहे, तो तसा का आहे, आणि तो सुधारता येईल का, हा प्रश्न केवळ यंत्रशास्त्राचा आहे असे मानले गेल्यामुळे समीक्षेने त्याकडे पाहिलेच नाही. माझे म्हणणे असे की हा समीक्षेचाच प्रश्न आहे. ज्या संहितेचे अर्धे शब्द ऐकूच येत नाहीत, तिच्याविषयी न्याय कोणत्या आधारावर द्यायचा?

२

लोणी भापकर हे बारामती तालुक्याच्या जिरायती पट्ट्यातले गाव. गावातील जुनी दगडी मंदिरे, पुष्करणी आणि यज्ञवराहाचे शिल्प पाहायला लांबून अभ्यासक येतात, छायाचित्रे काढतात, त्यांवर लिहितात. त्यात गैर काही नाही. परंतु अशाच गावांच्या वस्त्यांमध्ये जयंतीच्या रात्री जे गायले जाते, त्याची नोंद करायला वस्तीतल्याच एखाद्या पोराच्या हातातला मोबाईल तेवढा असतो. बारामती व इंदापूर तालुक्यांतील विद्यार्थ्यांकडची आणि कार्यकर्त्यांकडची अशी मुद्रणे मी गेली काही वर्षे ऐकत आलो आहे. त्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार जुन्या कॅसेटींचा. फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट आणली आणि १९८० नंतरच्या दशकात ती स्वस्त होऊन खेड्यापर्यंत पोचली. त्या काळी मांडवात टेपरेकॉर्डर ठेवला जाई तो बहुधा कर्ण्याच्या समोर, कारण 'तेथे आवाज मोठा येतो'. आवाज मोठा येतो हे खरे. पण कर्णा हा मधल्या पट्टीचे आवाज दूर फेकण्यासाठी घडवलेला आहे, खालचे भरदार स्वर तो जवळजवळ सोडूनच देतो. म्हणून या कॅसेटींत ढोलकीची धुम ऐकू येत नाही, नुसती टणटण येते. गायकाच्या आवाजातला खर्ज जातो आणि कर्कशपणा तेवढा राहतो. त्यातच मांडवाच्या दोन टोकांना दोन कर्णे असले तर आणखी एक घोटाळा होतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. दुसरा कर्णा ३४ मीटर अधिक दूर असेल, तर त्याचा आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशिरा पोचतो आणि प्रत्येक अक्षरावर मागच्या अक्षराची सावली पडते. शब्द कळत नाहीत ते गायकाच्या उच्चारामुळे नव्हे, या सावलीमुळे.

दुसरा प्रकार मोबाईलवरच्या मुद्रणांचा. आज हाच सर्वांत मोठा साठा आहे. मोबाईल मुळात बोलण्यासाठी केलेला. आवाजाची पातळी तो स्वतःच वरखाली करतो. हलगीचा एक सणसणीत ठोका पडला की यंत्र घाबरून सगळाच आवाज खाली ओढते, आणि पुन्हा वर आणायला त्याला थोडा वेळ लागतो. त्या वेळात गायकाचे दोन-तीन शब्द दबून जातात. लागोपाठ ठोके असतील तर गाणे दम लागल्यासारखे वरखाली होत राहते. शिवाय मोबाईल धरणारा श्रोत्यांत उभा असतो. गायकापासूनचे अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेत त्याच्या आवाजाची पातळी ६ डेसिबलने घटते. पण शेजारी गप्पा मारणारा मात्र तेवढ्याच जवळ असतो. परिणामी मुद्रणात शाहीर मागे आणि शेजाऱ्याची गप्प पुढे, असा उलटा न्याय होतो.

तिसरा प्रकार साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट वायर काढून केलेल्या मुद्रणांचा. यात गायकाचा शब्द स्वच्छ येतो आणि त्यामुळे हीच उत्तम पद्धत असा समज आहे. परंतु मिक्सरमध्ये तेवढेच येते जे माइकमधून गेले आहे. हलगी, खंजिरी ही वाद्ये मुळातच मोठी, त्यांना बहुधा माइक दिलेला नसतो. म्हणून ती दूर कोठेतरी वाजत असल्यासारखी वाटतात. झीलकरी एकाच माइकभोवती उभे, त्यामुळे त्यांच्यापैकी एकाचाच आवाज येतो. आणि श्रोते तर नसतातच. शाहिराने प्रश्न विचारला, उत्तर कोणी दिले नाही, तरी शाहीर हसून पुढे गेला, असे विचित्र मुद्रण हाती येते. उत्तर पाचशे माणसांनी दिलेले असते. वायरीने ते घेतलेले नसते.

३

आता या दोषांचा वाङ्मयीन परिणाम पाहू.

पहिला परिणाम कर्तृत्वाचा. आपल्या गीतांत कवी आपले नाव शेवटच्या कडव्यात गुंफतो. वामनदादांच्या गीतांतला 'वामन' सर्वांना ठाऊक आहे. ही नाममुद्रा संतकाव्यापासून चालत आलेली आहे आणि ज्या कवीचे पुस्तक कधी निघाले नाही, त्याच्या मालकीचा तो एकमेव पुरावा आहे. परंतु हौशी मुद्रणात नेमके शेवटचे कडवे हरवते. कॅसेटची बाजू संपते, मोबाईल धरणाऱ्याचा हात दुखतो, टाळ्या आधीच सुरू होतात. तालुक्या-तालुक्यांत असे कवी होऊन गेले, ज्यांची गाणी आजही गायली जातात पण नाव सांगता येत नाही. अशी गाणी पुढे 'पारंपरिक' या खात्यात जमा होतात. ज्या माणसाने दिवसभर दुसऱ्याच्या बांधावर राबून रात्री गीत रचले, त्याला आपण आपल्याच निष्काळजीपणाने अनामिक करतो.

दुसरा परिणाम अभिरुचीचा. आपल्या गाण्याला 'आरडाओरडा' म्हणणाऱ्यांनी प्रत्यक्ष जलसा ऐकलेला असतोच असे नाही. त्यांनी ऐकलेला असतो तो फाटका कर्णा, फुटलेली कॅसेट. पुण्यामुंबईच्या खासगी मैफलींत रसिकांनी स्पूलवर, पुढे कॅसेटवर केलेली शास्त्रीय गायनाची मुद्रणेही हौशीच होती. पण तेथे शांत दिवाणखाना होता, बरे यंत्र होते, चांगला माइक होता आणि ते जपायला कपाट होते. त्या मुद्रणांवर घराण्यांची समीक्षा उभी राहिली. अमुक साली अमुक मैफलीत बुवांनी हा राग कसा मांडला यावर लेख झाले. आपल्याकडे मांडव होता, जनरेटर होता आणि पत्र्याच्या पेटीत उंदराने कुरतडलेली कॅसेट होती. म्हणजे सौंदर्याचा जो फरक मानला गेला, त्यातला काही भाग तरी साधनांचा फरक आहे. समीक्षेने हे वेगळे काढून दाखवले पाहिजे. यंत्राचा दोष कलेच्या माथी मारू देता कामा नये.

तिसरा परिणाम असा की आपणच त्या दोषाला शैली समजू लागलो. आजचे काही तरुण गायक फाटलेला, टोकाला गेलेला आवाज हाच विद्रोहाचा आवाज मानतात. विठ्ठल उमपांचे गाणे ज्यांनी ऐकले आहे त्यांना ठाऊक आहे की विद्रोहाला हळुवार पट्टीही असते. उमपांचे निधन २०१० साली नागपूरला दीक्षाभूमीवर, व्यासपीठावरच झाले. अशा गायकाच्या आवाजातले चढउतार पुढच्या पिढीला शिकायचे असतील तर ते मुद्रणात उतरले पाहिजेत. जे मुद्रणात उतरत नाही ते पुढचा गायक उचलत नाही.

४

येथे एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. 'स्वच्छ आवाज' ही कल्पनाच पांढरपेशी नाही काय? दिवाणखान्यातली शांतता हा निकष मांडवाला का लावायचा? जलसा हा गर्दीतच होतो. गर्दी काढून टाकली तर जलसा उरतो कोठे?

हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. स्टुडिओत केलेल्या बाजारी कॅसेटींनी नेमके हेच केले. त्यांनी श्रोते काढून टाकले, गाणे पाच मिनिटांत बसवले, बतावणी गाळली, आणि वर यंत्राचा घुमारा चढवला. म्हणून प्रत्यक्ष कार्यक्रमाचे हौशी मुद्रण मला स्टुडिओपेक्षा मोलाचे वाटते. परंतु गर्दी आणि गोंगाट या दोन गोष्टी एक नव्हेत. बायाबापड्यांनी दिलेला 'जय भीम'चा प्रतिसाद, नको त्या ठिकाणी आलेले हसू, एखाद्या ओळीवर पसरलेली शांतता हा संहितेचा भाग आहे. जनरेटरची घरघर, विजेच्या वायरीतून येणारी ५० हर्ट्झची गुणगुण, माइकवर आपटणारा वारा हा संहितेचा भाग नाही. पहिल्याला जपणे आणि दुसऱ्याला टाळणे यात पांढरपेशेपणा कसला?

म्हणून 'चांगला आवाज' याचे आपले निकष आपणच ठरवले पाहिजेत. माझ्या मते ते चार आहेत. प्रत्येक शब्द कळला पाहिजे. गायक, झीलकरी, वाद्ये आणि श्रोते यांचे परस्परनाते ऐकू आले पाहिजे. गीत नांदीपासून नाममुद्रेपर्यंत अखंड असले पाहिजे. आणि कोणी, कोठे, केव्हा गायले हे मुद्रणातच नोंदलेले असले पाहिजे. यांतला एकही निकष महागड्या यंत्रावर अवलंबून नाही.

ही गोष्ट अशक्य नाही याचे दाखले आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आधी त्या वहीत उतरवल्या गेल्या, पुढे मुद्रितही झाल्या. १९९६ साली माजलगावच्या भीमनगरमधील राधाबाई बोऱ्हाडे यांच्याकडून बाबासाहेबांवरच्या ओव्या अशाच मुद्रित केल्या गेल्या. माइक बाईच्या जवळ होता आणि मुद्रण करणाऱ्याला ऐकण्याची घाई नव्हती. दुसरा दाखला विलास घोगरे यांचा. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मारली गेली. त्यानंतर काही दिवसांतच या शाहिराने आपले जीवन संपवले. आनंद पटवर्धन यांनी १९८५ च्या आपल्या मुंबईवरील माहितीपटासाठी त्यांना गाताना चित्रित केले होते. पुढे चौदा वर्षे खपून केलेल्या 'जय भीम कॉम्रेड' या माहितीपटात तोच आवाज पुन्हा आला. १९९७ नंतर जन्मलेली माझी विद्यार्थिनी घोगऱ्यांचा शब्दन्‌शब्द ऐकू शकते, कारण कोणीतरी बरा माइक घेऊन त्यांच्या जवळ उभे राहिले होते.

५

आता कार्यकर्त्यांसाठी काही व्यावहारिक गोष्टी. या बाबींना समीक्षेच्या लेखात स्थान कसले, असे कोणी म्हणेल. हस्तलिखिताची प्रत कशी करावी हे पाठचिकित्सक सांगतो, तितकेच हेही समीक्षेचे काम आहे.

पहिली गोष्ट : यंत्राची पातळी वाढवण्यापेक्षा जवळ जा. कर्ण्यासमोर बसू नका. मंचाच्या पुढे, गायक आणि झीलकरी दोघेही समोर येतील असे, दोन-तीन मीटरवर बसा. यंत्र हातात धरू नका. तिपाईवर, काठीवर, काहीच नसेल तर घडी केलेल्या घोंगडीवर ठेवा. माइकवर स्पंजाची टोपी घाला.

दुसरी : पातळी आपोआप ठरवण्याची सोय बंद करा. साध्या रेकॉर्डरमध्ये ती बंद करता येते, मोबाईलमध्येही तशी सोय देणारी ॲप आहेत. हलगीचा सर्वांत मोठा ठोका उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील असे आधीच वाजवून पाहा. डिजिटल यंत्रात शून्याच्या वर गेलेला आवाज कापला जातो आणि कापलेला आवाज पुढे कोणत्याही उपायाने धड होत नाही. कमी पातळीवर आलेला मात्र नंतर वाढवता येतो.

तिसरी : दोन यंत्रे मिळत असतील तर एक मिक्सरला लावा आणि दुसरे श्रोत्यांच्या पुढच्या रांगेत ठेवा. मिक्सरची वायर यंत्राच्या 'लाइन'च्या तोंडात घाला, माइकच्या नव्हे. सुरुवातीला माइकसमोर एक टाळी वाजवा. नंतर दोन्ही मुद्रणे जुळवताना तीच खूण उपयोगी पडते. एकात शब्द मिळतो, दुसऱ्यात समाज मिळतो. साउंडवाल्याशी आधी बोला, त्याला चहा पाजा. तो आपलाच माणूस असतो, फक्त त्याला कोणी विचारलेले नसते.

चौथी : मोबाईलवर मुद्रण करताना तो विमान-अवस्थेत ठेवा, नाहीतर नाममुद्रेच्या वेळी नेमका फोन येतो. गाणे संपल्यावर निदान पंधरा सेकंद यंत्र बंद करू नका. मग त्यातच बोलून ठेवा : तारीख, गाव, गायक, कवी, वाद्ये वाजवणारे.

पाचवी : मूळ फाइल 'वेव्ह' स्वरूपात जपा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, दोन वाहिन्या अशा मुद्रणाला तासाला साधारण १ गिगाबाइट जागा लागते. आजच्या हिशेबाने ती काहीच नाही. व्हॉट्सॲपवरून फिरलेली प्रत ही दाबलेली प्रत असते, तिला मूळ समजू नका. दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा. गोंगाट काढणारी साधने जपून वापरा. गोंगाटाबरोबर ती 'स' आणि 'श'सुद्धा पुसून टाकतात.

जुन्या कॅसेटींचे काम तर तातडीचे आहे. कॅसेटच्या मागच्या कडेच्या दोन टिकल्या आधी मोडा, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. चांगल्या डेकचे हेड साफ करा आणि हेडशेजारचा बारीक स्क्रू आवाज सर्वांत उघडा लागेपर्यंत हळूच फिरवा. ज्या टेपवर मुद्रण झाले तिचे हेड थोडे वाकडे असेल तर एवढ्यानेच हरवलेले शब्द परत येतात. १२० मिनिटांच्या कॅसेटची फीत पातळ असते, ती वारंवार पुढेमागे पळवू नका. एकदाच, पूर्ण, न थांबता उतरवून घ्या.

६

शेवटी हक्काचा प्रश्न. गायकाच्या परवानगीवाचून केलेले मुद्रण ही चोरी आहे, मग ती कितीही प्रेमाने केलेली असो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती होऊन कलावंताला आपल्या सादरीकरणावर हक्क मिळाला. २०१२ च्या दुरुस्तीने तो आणखी बळकट झाला. आपल्या शाहिरांना हे बहुधा कोणी सांगितलेले नाही. गाणी लोकांनी उचलली, कोणीतरी विकलीही, आणि गायक म्हातारपणी औषधाला महाग झाला, अशी उदाहरणे आपल्या प्रत्येकाच्या पाहण्यात आहेत. म्हणून मुद्रणाआधी विचारावे, नंतर पहिली प्रत गायकाच्या घरी पोचवावी, आणि ते कोठेही वापरताना कवी व गायक दोघांची नावे द्यावीत. आपण ज्या समतेविषयी गातो ती मांडवातल्या या छोट्या व्यवहारातही दिसली पाहिजे.

महाविद्यालयांतील मराठी विभागांना हे काम सहज करता येईल. दलित साहित्याच्या अभ्यासपत्रिकेला एक प्रकल्प असतोच. दरवर्षी त्यासाठी त्याच त्या आत्मकथनांचे सारांश लिहून घेण्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या वस्तीतील एका गायकाचे किंवा ओव्या गाणाऱ्या एका आजीचे मुद्रण करावे, ते शब्दशः उतरवावे आणि छापील पाठाशी ताडून पाहावे. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात हे दोन-तीन वर्षे झाले तरी पुढच्या संशोधकाला कागदावरच्या सांगाड्यावर विसंबावे लागणार नाही. जयंतीच्या वर्गणीत डीजेसाठी जी रक्कम बाजूला निघते, तिच्या अगदी लहान भागात एक बरा रेकॉर्डर येतो. येत्या १४ एप्रिलच्या तयारीची बैठक जेथे जेथे होईल, तेथे हा एक विषय टिपणात घालावा; आणि बैठक संपल्यावर ज्यांच्या घरी जुन्या कॅसेटी आहेत त्यांची यादी तेथेच करून घ्यावी.